आईंचं गोड बोलणं

अड्यार, मद्रास
मार्च १९६१

तीर्थस्वरूप सौ. प्रमोदिनीवन्संना धाकट्या भावजयीचा, म्हणजे विद्युलतेचा, वाकून नमस्कार.

आम्ही इथे सारी सुखरूप आहोत (उकाडा सोडून; तो इथे माघातच येऊन बसतो आणि उठायचं नाव घेत नाही). तुमचे गुडघे, भावजींचा दमा आणि चि. वसंताची परीक्षा, तिन्हींची खुशाली कळवावी. मागच्या पत्रात तुम्ही विचारलंत की आईचं खरंखरं कसं चाललं आहे ते लिही, आणि त्या ‘खरंखरं’खाली जाड रेघ ओढली होतीत. रेघेबद्दल माझं काही म्हणणं नाही. लक्षात आली, एवढंच. तेव्हा आता खरंखरं लिहिते. वाचता वाचता चहा गार झाला तर दोष माझा नाही.

मामंजी गेल्यावर वाईचं बिऱ्हाड मोडून आई आमच्याकडे आल्या, त्याला आता दुसरं वर्ष. आमचं कसं जमतं ते तुम्हाला ठाऊक आहे. सकाळी कॉफीच्या वासापासून सुरुवात व्हायची (‘या घरातली चहा पिणारी माणसं गेली कुठे?’). मग आमटीतली चिंच, मग माझा अंबाडा, मग इथल्या बायकांचं बघून मी दारापुढे काढते ती ठिपक्यांची रांगोळी, मग दुधात पाणी घालणारा गवळी आणि त्याला काही न बोलणारी मी. मीही काही मुकी नाही. आतून उत्तर द्यायची, ते कमी पडलं तर भांडी जरा जोरात ठेवायची. तुमचे बंधू पेपर उंच धरून बसायचे. एकूण घर नीट चाललं होतं.

आणि पौषात एक दिवस आमटी करपली. थोडीथोडकी नाही, चांगली तळापासून. धूर माडीवरून खाली आमच्या घरमालकीणबाईंकडे पोचला. मी पान वाढलं आणि काय काय ऐकावं लागेल त्याची मनात तयारी करून उभी राहिले. आईंनी एक घास घेतला, माझ्याकडे बघितलं, हसल्या, आणि म्हणाल्या, “छान झालीय हो!” वन्सं, माझ्या हातातला डाव खाली पडला. लग्न होऊन मला इतकी वर्षं झाली, पण आमच्या आमटीला ‘छान’ हा शब्द त्या घरात लागलेला मी ऐकला नव्हता. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम अळणी आमटी केली. तीही छान. मग भात गिजगा केला (तो मुद्दाम नव्हे, तो झाला), तर माझ्या पाठीवरून हात फिरवला. रात्रभर ती पाठ मला स्वस्थ झोपू देईना.

आता माझ्या जागी तुम्ही असतात तर काय समजला असतात? मला पहिला संशय रामेश्वरचा आला. यात्रेला जायचं असेल, मुलाला रजा काढायला लावायची असेल, म्हणून आधी सुनेला वळवून घेताहेत. दुसरा संशय, आता तुम्ही खरंखरं विचारलंत म्हणून सांगते, तुमचा आला. दिवाळीला तुम्ही येऊन गेलात, तेव्हा तुम्ही दोघी गच्चीवर पापड वाळत घालायच्या निमित्तानं बराच वेळ कुजबुजत होतात. (पापड मोजके होते.) तुम्हीच त्यांना शिकवून गेला असणार, ‘तिच्याशी गोड वाग, मग बघ कशी बिथरते ती.’ तसं असेल तर मी बिथरले, हे कबूल.

मग मी आडून आडून तपास सुरू केला. आई डाळ निवडत बसल्या होत्या, मी कपड्यांच्या घड्या करता करता विचारलं, “आई, तुमच्या मनात काय आहे ते एकदा सांगून टाका ना.” तर शांतपणे म्हणाल्या, “अगं, ती कालच भिजवलीय.” मी विचारलं, “वन्सं काही म्हणाल्या का?” तर म्हणाल्या, “हो, थंडी आहेच.” मद्रासला, वन्सं! आम्ही ओल्या टॉवेलनं वारा घेत होतो! मी म्हटलं, बाईसाहेब पक्क्या आहेत. कोर्टात उभं केलं तरी वकील थकतील. तुमच्या बंधूंना सांगायला गेले तर ते म्हणाले, वयानं माणूस शांत होतं, तू कशाला खाजवून खरूज काढतेस. त्यांना घर शांत झाल्याचं कळलं होतं. का झालं, हा प्रश्न बहुतेक त्यांच्या कचेरीत विचारत नाहीत, म्हणून घरीही विचारत नाहीत.

शेवटी खाली घरमालकीणबाईंकडे गेले. सीतालक्ष्मीमामी त्यांचं नाव, आपल्यासारख्याच मराठी, पण तंजावरच्या. यांचे पूर्वज राजांबरोबर इकडे आले आणि आपली भाषा तेव्हाचीच ठेवून बसले, वर तमिळ हेल चढला. त्यांचं बोलणं ऐकताना कुणी बखर गाऊन दाखवतंय असं वाटतं. मी सगळं सांगितलं तर त्यांनी कॉफीचा पेला खाली ठेवला. “म्हातारं माणूस एकाएकी गोड जालं तर बरं नव्हे, अम्मा,” त्या म्हणाल्या. “आमची सास तैसीच गोड जाली. समस्तांसी गोड बोलली. आणि गेली.” मी तशीच जिना चढून वर आले. आई खिडकीशी बसून कावळ्याला भात घालत होत्या आणि त्याच्याकडे बघूनही हसत होत्या. त्या दिवसापासून मला त्यांच्या त्या हसण्याची भीतीच बसली. मी रोज देवाला म्हणायची, आज तरी त्यांना चिंच जास्त लागू दे.

आणि मग बसचा प्रकार झाला. हा तुम्हाला अजून कोणी कळवलेला नाही. वाचून घाबरू नका, शेवट ठीक आहे. आम्ही दोघी देवळातून परत येत होतो. मी फुलवालीशी घासाघीस करत मागे राहिले आणि आई आपल्या नादात पुढे गेल्या, त्या थेट हमरस्त्यावर. मागून इथल्या कोवलम गावाकडची बस आली, टपावर मासळीच्या पाट्या. ड्रायव्हरनं भोंगा वाजवायला सुरुवात केली ती थांबवेचना. सगळा रस्ता वळून बघतोय, कुत्री पळाली, आणि आई मात्र जपमाळ ओढत रस्त्याच्या मधोमध चालल्याहेत. मी किंचाळले. बसमधली एक कोळीण खिडकीतून अर्धी बाहेर येऊन “पाट्टी! पाट्टी!” म्हणून ओरडत होती. मला वाटलं हिला आपल्या पाटीची पडलीय. (तमिळमध्ये पाट्टी म्हणजे आजी, हे मला नंतर आठवलं. त्या बाईला मी मनातल्या मनात जे बोलले त्याबद्दल तिची क्षमा मागायची राहिली आहे.) ड्रायव्हरनं करकचून ब्रेक दाबला, बस आईंच्या पदराला लागून थांबली, आणि टपावरच्या पाट्या घरंगळल्या.

वन्सं, ज्या आई चातुर्मासात घरात कांद्याची सालही येऊ देत नाहीत, त्या आई गुडघाभर मासळीत उभ्या होत्या. खांद्यावर एक बांगडा होता. ड्रायव्हर खाली उतरून अंगावर धावून आला, मारतो की काय असं वाटत होतं, आणि आईंनी त्याच्याकडे बघून तेच ते गोड हसू काढलं आणि म्हणाल्या, “या, या. बसा.” त्या बिचाऱ्याचा हात वर उचललेलाच राहिला.

तेव्हा मला कळलं. आई गोड झाल्या नव्हत्या. त्यांना ऐकू येत नव्हतं. कोणी तोंड हलवलं की त्या अंदाजानं हसत होत्या आणि ‘छान’ म्हणत होत्या, कारण ‘छान’ला कोणी पुन्हा काही विचारत नाही. घरी आणून आंघोळ घातली, समोर बसवलं आणि विचारलं, “आई, तुम्हाला ऐकू येत नाही का?” म्हणाल्या, “नको गं, पोट भरलंय.” मी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून रडले. त्या थोपटत राहिल्या. का रडते आहे ते त्यांना कळलं नव्हतं, तरी थोपटत होत्या.

त्यानंतर आम्ही ओरडायला लागलो. पण ओरडण्याचं असं आहे की ज्याच्यासाठी ओरडावं त्याला सोडून बाकी सगळ्यांना ऐकू जातं. एका सकाळी मी बेंबीच्या देठापासून विचारलं, “आई, पोट साफ झालं का?” तर खालून सीतालक्ष्मीमामींचे यजमान राममूर्तीमामा, पेन्शनर मास्तर, यांचं उत्तर आलं, “जालं, जालं! ईश्वरकृपा!” त्या दिवसापासून मी ओरडणं सोडलं. मग हळूहळू जमत गेलं. मागून बोलायचं नाही, आधी खांद्याला हात लावायचा, उजेडाकडे तोंड करून बसायचं, हात हातात घ्यायचा आणि उजव्या कानाशी सावकाश बोलायचं. दुपारी सगळं आवरलं की मी त्यांच्याजवळ निवडायच्या तांदळाचं सूप घेऊन बसायची. इतक्या वर्षांच्या सासू-सुना, पण आम्ही दोघी इतक्या जवळ कधी बसलो नव्हतो. बसायचं कारणच नव्हतं, आवाज दोघींचेही खणखणीत.

आणि आई बोलायला लागल्या. माहेरी त्यांना सई म्हणत, हे तुम्हाला ठाऊक होतं का? लग्नात नाव बदललं आणि नंतर जुनं नाव कोणी विचारलंच नाही, असं म्हणाल्या. मी एकदा कानाशी जाऊन म्हटलं, “सईबाई, जेवायला चला.” इतक्या हसल्या की चष्मा पुसावा लागला. मला आजवर ‘अगं’ म्हणायच्या, त्यांनी ‘लते’ म्हणायला सुरुवात केली. (विद्युलता हे नाव म्हणे पंचांगातून पडल्यासारखं वाटतं.) मीही पुष्कळ बोलले. काय काय बोलले ते आता आठवत नाही, आणि आठवलं तरी लिहिणार नाही.

डॉक्टरकडे यायला मात्र अजिबात तयार होईनात. आज एकादशी, उद्या डोकं दुखतंय, परवा डॉक्टरच पोरगेला आहे. मला पुन्हा संशय आला, पण कशाचा ते ठरवता येईना. अखेर तुमच्या बंधूंनी आयुष्यात पहिल्यांदा आवाज चढवला (जो आईंना ऐकू आला नाही) आणि आम्ही त्यांना सायकलरिक्षात घालून नेलं. डॉक्टरनं पिचकारीनं कोमट पाणी मारलं आणि डाव्या कानातून मळाचा जो खडा निघाला, तो बघून नर्सनं कपाळाला हात लावला. आईंनी मान हलवली, इकडेतिकडे बघितलं, आणि मुलाला पहिलं वाक्य म्हणाल्या, “बाळ, केवढ्यानं श्वास घेतोस रे!” रिक्षात बसल्या बसल्या रिक्षावाल्याच्या घंटीला नावं ठेवली. घरी येऊन आमटीचा एक भुरका घेतला. म्हणाल्या, “किती ती चिंच! दात आंबले.” मी स्वयंपाकघरात जाऊन पदरात तोंड घालून हसले. डोळ्यांतून पाणी आलं, पण ते मिरच्यांनी.

तेव्हापासून सगळं पूर्वीसारखं आहे. त्या पुढच्या खोलीतून बोलतात, मी आतून उत्तर देते, कुणाला उठून जवळ जावं लागत नाही. फार सोयीचं झालं. एकच गोष्ट मला खटकते. अधूनमधून त्यांना माझी हाक ऐकू जात नाही. दोनदा मारा, तीनदा मारा, नाहीच. मग हातातलं टाकून जवळ जावं, खांद्याला हात लावावा, तर “काय गं लते?” म्हणून वर बघतात. आणि खाली भाजीवाला हळूच ‘गवार’ म्हणाला तर माडीवरून ओरडतात, “जून असेल!” तुम्ही त्यांच्या पोटच्या. तुम्हाला यातून काय दिसतं ते कळवा.

मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

तुमची,
विद्युलता

ता. क. येणाऱ्या कोणाबरोबर मेतकूट पाठवा. इथे हरभऱ्याची डाळ चांगली मिळते, पण आईंच्या मते ती मद्रासी आहे.

ता. क. २ : मे महिन्यात आईंना कायमचं अकोल्याला न्यायला येईन, असं तुम्ही लिहिलंत. तुमचीच आई, माझं काय म्हणणं असणार? पण अकोल्याचा उन्हाळा फार कडक असतो. जूनमध्ये पाऊस. पुढे श्रावणात उपवास, प्रवास झेपणार नाही. नंतर पितृपक्ष. थंडी कानांना वाईट. एकूण पुढच्या वर्षी बघू.

ता. क. ३ : चि. सौ. प्रमोदिनीस आईचा आशीर्वाद. सून पोस्टाचं तिकीट मागायला खाली सीतालक्ष्मीकडे गेली आहे म्हणून घाईनं लिहिते. पाकीट मीच चिकटवून ठेवीन. तिनं लिहिलं ते सगळं वाचलं, खरं आहे, पण एक गोष्ट तिला माहीत नाही. बसच्या प्रकारानंतर सीतालक्ष्मीनं माझ्या कानांत तेल घातलं होतं. उजवा कान तेव्हाच सुटला. मी बोलले नाही. बोलले असते तर ती उठून पुन्हा शेगडीपाशी गेली असती. तुझे वडील गेल्यापासून माझा हात कोणी हातात घेतला नव्हता गं. नमस्कार सगळे करतात, पण तो पायांना. तिनं माझ्या कानाशी तुझ्याबद्दलही बरंच सांगितलं. मनावर घेऊ नकोस, निम्मं खरं आहे. न्यायला येऊ नकोस, राहायला ये. आणि आलीस की तिच्यादेखत मोठ्यानं म्हण, आई, तुला अजून कमीच ऐकू येतं की गं. मी वळून बघणार नाही. तू म्हणत राहा. जिन्यात तिचं पाऊल वाजलं. पुरे करते.