माशांच्या पाण्यावरचं अळू

आये, तू विसरभोळी ती विसरभोळीच राहिलीस. माणूस गेलं की त्याला मागचं-पुढचं सगळं उमगतं म्हणतात, आणि तू परवा स्वप्नात आलीस ती दारातूनच मला धाकटीच्या नावानं हाका मारत. मी थोरली गो. जिवंतपणी तू सगळ्या लेकींची नावं घेऊन मग माझ्यावर यायचीस, ते चालायचं. चुलीवर भात, कडेवर पोर, कुणाकुणाचं ध्यानात ठेवणार? पण आता वर तुला काय काम आहे? बसल्या बसल्या एवढं तरी पाठ कर. मी करतेच की. मला अक्षर येत नाही, म्हणून आयुष्यभर सगळं पाठच करत आले. हे पत्र माझी सून लिहून घेते आहे. तिचं ऑफिस पवईला, त्यामुळे सुट्टीच्या दिवशीच हाताला लागते. मी बोलते तेवढंच लिही, तुझं शहाणपण मध्ये घुसडू नकोस, असं तिला बजावलंय. ती मान खाली घालून हसते आहे, म्हणजे घुसडणार.

तुझी न्हाणी मला अजून दिसते. घराच्या मागल्या अंगाला झावळ्यांचा आडोसा, पायाखाली चिरे, आणि पाणी जायला एक वाट. त्या वाटेच्या तोंडाशी अळू, त्याच्या पुढे केळी. अंघोळीचं, भांड्यांचं, तांदळाच्या धुवणाचं, दिवसभराचं सगळं पाणी तिकडेच. मी एवढीशी आहे, नागडी, तांब्या गरगर फिरवून पाणी आडोशाबाहेर उडवते आहे, आणि तू चुलीपुढे पाठमोरी बसून ओरडतेस, "पाणी खय फुकट घालवतस गो? अळवाक जावंदे!" तुझ्या पाठीला डोळे होते. मी घाबरून तांब्या खाली ठेवते आणि पाणी कसं जातं ते बघत बसते. आमच्या अंगाचा मळ घेऊन ते अळवात शिरायचं आणि पलीकडे केळीपाशी नितळ होऊन निघायचं. रोज बघत होते, पण त्यात बघण्यासारखं काही आहे असं कधी वाटलं नाही.

लग्न होऊन मुंबईला निघाले तेव्हा तू ओटीत नारळ घातलास, तांदूळ घातलेस, आणि सगळ्यांच्या खाली, कुणाच्या नजरेस न पडता, मातीसकट अळवाचा कांदा. सासूबाईंनी मुलुंडच्या चाळीत ओटी सोडली आणि मातीनं तांदूळ काळे झालेले बघून म्हणाल्या, "तुझ्या आयेस काय वाटलं, आम्हाला इथं भाजी मिळत नाय?" आमची खोली तळमजल्याची, मोरीचा पाइप मागच्या बाजूला उघड्यावर पडायचा. तिथे कांदा पुरला. वर्षभरात असं माजलं की पुढे त्याच सासूबाई अख्ख्या चाळीला वडीची पानं वाटत मिरवायच्या, जसं काही त्यांच्याच माहेरचं!

मग चाळ पडली, टॉवर उभा करायला घेतला. तेलाच्या डब्यात कांदे घालून मी भाड्याच्या खोल्या फिरले. आता नाहूरला आलोय, इतक्या उंचावर की घारीची पाठ दिसते. खिडकीबाहेर कुंडी ठेवायची सोसायटीत बंदी, आणि घरात ऊन येईल तर समोरच्या इमारतीची परवानगी घेऊन. डब्यातलं एकेक पान पिवळं पडून माना टाकायला लागलं. गावाला भावाला फोन केला, म्हटलं, न्हाणीमागचा एक कांदा कुणासोबत धाड. तो म्हणतो, "न्हाणी खय रवली? टाइल्स घातलंय, पाइप सरळ खड्ड्यात. अळू तेव्हाच गेला गो." म्हणजे उरला तो माझ्या डब्यातला एकच कांदा, लिंबाएवढा, एका अंगानं मऊ पडलेला. तो गेला असता तर तुझं म्हणून माझ्यापाशी काही राहत नव्हतं. फोटो तू कधी काढू दिला नाहीस, लुगड्याची गोधडी झाली, आणि गोधडीचं शेवटी पायपुसणं. तुझ्यावर रोज पाय पुसले मी, रागावू नकोस.

आता गंमत ऐक. माझ्या सुनेनं हॉलमध्ये माशांची काचेची टाकी ठेवली आहे. कामावरून आली की चप्पल काढायच्या आधी त्यांच्याशी बोलते. सासूचा नंबर नंतर. त्या टाकीच्या पाठीला एक डबा अडकवलेला असतो, त्याला फिल्टर म्हणायचं. तो नळीनं टाकीतलं पाणी वर ओढतो, स्पंजातून गाळतो आणि पुढच्या ओठावरून परत टाकीत सोडतो. दिवसभर झुळझुळ चालू. एके दिवशी बघते तर हिनं त्या डब्यात मनीप्लांट खोचलेलं, आणि मुळं खाली पाण्यात दाढीसारखी लोंबत होती. मी विचारलं, हे काय गं? तर मला समजावते, "आई, माशांची घाण पाण्यात उतरते ना, ती ह्या झाडाचं खाणं. झाड खातं, पाणी साफ होतं, मासे खूश."

मी तिथेच वेताच्या मोड्यावर बसले. म्हटलं, मेले, ही तर माझ्या आयेची न्हाणी! तू भिंतीला टांगलीस एवढंच.

मग मी हट्ट धरला, माझा कांदा त्यात बसव. ती म्हणाली, "आई, काहीही काय! अळू खाजतं, माझे मासे मरतील." म्हटलं, मासे काय वड्या खाणारेत? आठवडाभर आमचं हेच. शेवटी तिनं फोनवर कुठे कुठे बघितलं आणि कबूल झाली. कांद्याचा मऊ भाग मी सुरीनं काढला, राख लावून सुकवला, मग माती पार धुतली. मुळं तेवढी पाण्यात आणि कांदा वर खड्यांवर, कोरडा, असा तिनं तो बसवला. पाण्यात बुडाला तर कुजेल म्हणाली. ते मला ठाऊक होतं, पण मी "असं होय!" म्हटलं. सुनेला एवढं द्यावं लागतं.

मी उठून आधी तो डबा बघायची आणि मग दात घासायची. कोंब आला, लाल टोकाचा, मुंगीच्या तोंडाएवढा. आणि मग, आये, तुझी लेक शहाणी कसली! सकाळी तांदूळ धुतले, धुवणाचं पातेलं हातात, आणि पाय आपोआप टाकीकडे वळले. अळवाला धुवण नाही घालायचं तर कुणाला? ओतलं अख्खं डब्यात. संध्याकाळी सून आली तेव्हा टाकीचं ताक झालेलं आणि सगळे मासे वर तोंड काढून आ आ करत होते.

ती ओरडली नाही, तेच वाईट. बादल्या भरभरून पाणी बदलत राहिली, फरशी ओली, डोळे ओले. मी फडकं घेऊन गेले तर म्हणाली, "राहू दे आई. एक तर माझे मासे राहतील, नाहीतर तुमचं अळू. आज काढतेच मी ते." खोलीत जाऊन बसले. फिल्टर थांबला तसं घर एकदम मुकं झालं. मनात म्हटलं, आये, गेलीस तू दुसऱ्यांदा.

बऱ्याच वेळानं झुळझुळ परत सुरू झाली. बाहेर येऊन बघते तर मासे खाली फिरतायत आणि कांदा जागच्या जागी. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "काढत होते. पण मुळं पार स्पंजात शिरलीयत. ओढलं असतं तर सगळी तुटली असती." मग तोंड फुगवून, "तुमच्यासाठी नाही हं ठेवलं. मुळांसाठी." मी म्हटलं, हो बाई, मुळांसाठी. आणि तेव्हापासून धुवण मोरीत ओतते, प्रत्येक वेळी तुझा आवाज ऐकत.

आता चांगली पानं आलीत गो. देठ पूर्वीसारखा काळा नाही, जरा फिकट आहे, शहरात वाढल्यासारखा. तरी पानावर थेंब पडला की तसाच मोती होऊन घरंगळतो. काल सून म्हणाली, "आई, ह्याचं करायचं काय? तुमच्या आईच्या पद्धतीचं फदफदं शिकवा ना." आता आली का पंचाईत! तू कधी सांगितलंस? "बघून शिक गो, तोंडान काय सांगू?" आणि मी न्हाणीतलं पाणी बघत बसलेली. आंबटाला चिंच घालून बघितली, आमसूल घालून बघितलं, आंबाडासुद्धा आणवला. बरं होतं, लोक बोटं चाटतात, पण तुझं होत नाही. होत नाही असं तरी कशावरून म्हणू? सुनेला सांगितलं नव्हतं ते आता तीच लिहिते आहे: तुझी चव मला आठवत नाही, आये. विसरभोळी म्हणून तुला बोलले, पण विसरले मी.

हे पत्र कुठे टाकायचं नाही. सून विचारत होती, पत्ता काय लिहू? म्हटलं, घडी कर आणि माझ्या उशीखाली ठेव. पितरांच्या दिवसांत आम्ही गच्चीवर तुझं पान ठेवतो, कावळा जेवून जातो. दरवर्षी आम्हीच काय म्हणून? ह्या खेपेला त्याच्याच हाती तू फदफदं धाड. वाटीभर पुरे, फणसाच्या आठळ्या घालून. गार झालं तरी चालेल. भात नको पाठवूस, भात मी इथे लावते.