निरोगी म्हणून घेतलेलं रक्त

अहेरी,
मंगळवार

आदरणीय रामाजी मामांस साक्षीचा जय भीम. मनकर्णा मामी, संघपाल दादा आणि वहिनीलाही सांगा. तुमची तब्येत ठीक असेल असं धरून चालते, कारण विचारलं की "मले काय धाड भरली" एवढंच उत्तर मिळतं. वहिनीला सातवा लागला ना? तिला जपा. तुमच्या कलेक्टरीणबाईही मजेत असतील (मामी तिला नुसती शेळी म्हणते, मी आपला मान राखते). फोन सोडून पत्र कशाला, असं तुम्ही म्हणालच. फोनवर तुम्ही बोलता आणि मी ऐकते. आज मला माझ्या तापाबद्दल शेवटपर्यंत बोलायचं आहे, आणि त्यात वहिनीच्या काळजीचीही एक गोष्ट आहे.

मामा, मी गेले कित्येक महिने थकलेली आहे. सकाळी डोळे उघडले की पुन्हा झोपायला किती वेळ आहे, हे आधी बघते. दुपार कलली की अंगात कणकण, मग घाम, मग गुडघे आणि कंबर आपापली तक्रार मांडतात. सकाळी ताप गायब होतो, म्हणून डॉक्टरांसमोर बसले की मी ठणठणीत. मलेरियाची तपासणी झाली (अहेरीत शिंकलं तरी ती होते), त्यात काही निघालं नाही. घरमालकीण हाजराबाईंनी माझी नजर उतरवली. आईने फोनवरून लग्न कर म्हणून सांगितलं. आमच्या साहेबांनी सुट्टी नाकारली, म्हणजे मन कामात रमेल.

काम काय, ते पुन्हा सांगते, कारण तुम्ही पाहुण्यांना मी ढोरांची नर्स आहे असं सांगता. आम्ही गावोगाव फिरून शेळ्यांचं रक्त आणतो आणि सांसर्गिक गर्भपात नावाचा जंतूंचा रोग शोधतो. त्यात शेळ्या दिवस भरण्याआधीच गाभडतात, आणि कच्च्या दुधातून तो माणसालाही होतो. तपासणी अगदी साधी. रक्त निवळलं की वरच्या पाण्याचा थेंब पांढऱ्या फरशीवर घ्यायचा, त्यात गुलाबी औषधाचा थेंब कालवायचा आणि फरशी हलवत राहायचं. थेंब सरबतासारखा एकसारखा राहिला तर जनावर निरोगी, रव्यासारखे कण झाले तर रोग. पण औषधच बिघडलेलं नाही ना, हे बघायला ते आधी एका निरोगी रक्तावर लावून बघतात. ते रक्त बाहेरून बाटलीत येतं. आमची बाटली संपली, नवी येईना, म्हणून मी माझंच रक्त वापरलं. (सगळेच वापरतात, कुणी कुठे लिहीत नाही.)

रवा झाला. मी म्हटलं, औषध बिघडलं, चंद्रपूरहून येताना एसटीत बर्फ वितळला असणार. ती बाटली फेकून दुसरी मागवली, तीही बिघडलेली. मग मी फ्रिजवर संशय घेतला, मग त्यात आपला जेवणाचा डबा ठेवणाऱ्या दानिशवर (हा आमचा तंत्रज्ञ, बल्लारपूरचा, स्वभावाने गरीब), मग औषधवाल्यांना असं पत्र लिहिलं की वाचून त्यांनाही ताप यावा. इकडे साहेब म्हणू लागले की अहवाल नसेल तर प्रकल्पही नसेल. मी अंगात ताप घेऊन फरशा घासत बसले. शेवटी दानिशने स्वतःचं रक्त काढलं, निवळू दिलं आणि माझ्या थेंबाशेजारी आपला थेंब ठेवला. त्याचं सरबत, माझा रवा.

"मॅडम, औषध चांगलं हाय," तो म्हणाला. "तुमीच बिघडून राह्यल्या."

मामा, या रोगाची लक्षणं मला परीक्षेत आली होती आणि त्यात पूर्ण गुण होते. डॉक्टरांनीही आता तोच रोग सांगितला. दीड महिन्याच्या गोळ्या आहेत, त्या घेऊन लघवीसुद्धा भगवी होते. आता प्रश्न, तो आला कुठून? शेळीला मी हातमोज्यांशिवाय हात लावत नाही. इकडच्या आमच्या गावांत शेळीचं दूध कुणी काढतही नाही. मी एकदा चहासाठी विचारलं तर तिथली शेळीवाली मंगलीबाई म्हणाली, "मंग पिल्लू काय पिईन?" कच्चं दूध आपण कुठे प्यायलो, हे आठवत बसले, आणि आठवलं तेव्हा पुन्हा आडवी झाले.

भद्रावतीला, तुमच्या अंगणात. तुम्ही स्वतः धार काढून फेसाचा पेला हातात दिलात, उकळलं की ताकद जाते म्हणालात, आणि मामासमोर मला माझं शास्त्र काढवलं नाही. कलेक्टरीणबाई त्याच्या थोडं आधी गाभडल्या होत्या. तुम्ही त्याचं खापर शेजारच्या वरातीतल्या डीजेवर फोडलंत. मी तिच्यावर आळ घेत नाही, रक्त तपासल्याशिवाय घेणारही नाही. पण तोवर दूध खळखळून उकळा, आणि वहिनीसमोर रोज पेला ठेवता तो आजपासून बंद करा. या रोगाने बाईचंही पोट खाली होऊ शकतं. रागाच्या भरात शेळी बाजारात नेऊ नका, नाहीतर हे सगळं दुसऱ्याच्या घरी जाईल.

मामीला नमस्कार. वहिनीच्या पोटातल्याला माझी ओळख आतापासून करून द्या.

तुमची थकलेली भाची,
साक्षी

ता. क. : वहिनीला रागावू नका. तिच्याशी फोनवर बोलून मगच हे पत्र लिहायला बसले. तिने त्या दुधाचा घोटही घेतलेला नाही. तुमची पाठ वळली की पेला न्हाणीमागच्या पपईला जातो. संघपाल दादाचाही तिथेच जातो. मामीने तर ते कधी तोंडालाच लावलं नाही. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून सगळे गप्प होते.

ता. क. दुसरा : म्हणजे ते दूध पिणारे घरात तुम्ही एकटेच. मामी सांगते, हल्ली संध्याकाळी तुम्ही स्वेटर घालून बसता आणि उठताना भिंत धरता. हे ऐकल्यापासून मला माझ्या तापाचं काही वाटेनासं झालं आहे, तुमचीच काळजी वाटते. रविवारी येते आहे. शेळीआधी तुमचं रक्त घेईन. कलेक्टरीणबाईंना धरायला संघपाल दादा आहे. तुम्हाला धरायचं मामीने कबूल केलं आहे.