कढत पाण्यातला पलंगपोस

नाशिक, १२ जानेवारी १९९८

विमलवन्संना नमस्कार,

तुमच्या पणजीचा लोकर-सुताचा पलंगपोस तुम्ही माझ्याकडे ठेवायला दिलात आणि मी तो कढत पाण्यात धुतला. लोकर आटली, सूत आटलं नाही, सगळीकडे फुगवटे आले. नऊ वर्षं तुम्ही विचारलंत की मी "ट्रंकेत तळाशी आहे" म्हणत आले.

काल चादरी विकायला दारी आलेल्या मालेगावच्या म्हाताऱ्या विणकराला तो दाखवला. ते हसलेच.

"ताई, विणून झाल्यावर याला कढत पाण्यात घालावंच लागतं. तेव्हाच लोकर आटून सुताची फुलं वर येतात. शंभर वर्षं कोणी घातलंच नव्हतं!"

माझा जीव भांड्यात पडला. आज तो पलंगावर अंथरलाय.

पत्र मात्र टाकणार नाही. दिवाळीला विचारलंत तर तळाशीच आहे म्हणेन. इतका सुंदर दिसतोय, बघितलात तर घेऊन जाल.

तुमची खोटारडी भावजय,
सुनंदा