फुली वर, गोळा खाली

५ फेब्रुवारी, सकाळ
आजपासून नवीन आयुष्य. आधीची नवीन आयुष्यं (मोबाइल रिपेअरिंग, मशरूम, ट्रकवर क्लीनर) धरायची नाहीत. ती लोकांमुळे फसली.

काल जेवताना दाजी ताईला म्हणाले, मला नीट ऐकू जाईल इतक्या हळू आवाजात, की मागची खोली आता रिकामी हवी. मी जाहीर केलं की त्या खोलीत अंडी उबवून पिल्लं काढणार. कोंबडीची आणि बदकाची. मोठा धंदा. दाजी ताटातून वर न बघता म्हणाले, "पिल्लं निघाली तर खोली तुझी. नाही निघाली तर बॅग उचलायची."

घड्याळं दुरुस्त करणारा माणूस. बोलणंही टिकटिक. बघून घेईन.

५ फेब्रुवारी, संध्याकाळ
थर्मोकोलचं खोकं, आत बल्ब, वाटीत पाणी. थर्मामीटर दाजींच्या ड्रॉवरमधून. (घरचाच आहे, चोरी नाही.) बदकाची आठ अंडी ताईने तळ्याजवळच्या मैत्रिणीकडून आणून दिली. कोंबडीची डझनभर मी आणायची होती, जिथे कोंबडाही आहे अशा पोल्ट्रीतून. निघालोही होतो. वाटेत बोअरवेलचं मशीन चालू होतं. पाणी लागेपर्यंत थांबलो. लागलं नाही. तोवर पोल्ट्री बंद. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातून डझन घेतली. अंडं ते अंडं.

प्रत्येक अंड्यावर पेन्सिलने एका बाजूला फुली, दुसऱ्या बाजूला गोळा. दिवसातून तीनदा उलटायची. सोपं आहे.

७ फेब्रुवारी
सोपं आहे, पण कंटाळवाणं. ताईने वाचनालयातून पक्षी पाळण्यावरचं पुस्तक आणलं. चार पानं वाचली. लेखक स्वतःला फार शहाणा समजतो. खोलीचं दार वाऱ्याने आपटतं, तिथे पुस्तक लावलं. एकदम फिट.

११ फेब्रुवारी
परवा मित्राची नवी बाइक बघायला गेलो, तिकडेच राहिलो. बाइक चालू झाली नाही. आज परत. जाताना सगळ्या अंड्यांची फुली वर होती. आता गोळा वर. वाटीत पाणीही भरलेलं.

म्हणजे अंडी आपली आपण वळतात! पहिल्याच बॅचला काय वळण लावलंय मी. यापुढे हात लावणार नाही. लाडाने पोरं बिघडतात.

१५ फेब्रुवारी
अंडी नियमाने वळतायत. पाणी आटत नाही. माझा हात लागला की असंच होतं.

मात्र खोक्यावर दाजींचं भिंग सापडलं, डोळ्याला लावून घड्याळात बघतात ते. घातपात! ताईला पुराव्यासकट सांगितलं. ती म्हणाली, पहाटे पाणी प्यायला उठले असतील. मी म्हटलं, स्वयंपाकघर घराच्या दुसऱ्या टोकाला आहे. ती म्हणाली, मग वाट चुकले असतील. लग्न झाल्यापासून याच घरात राहतोय तो माणूस.

दारही पुन्हा आपटायला लागलंय. पुस्तक कोणीतरी पळवलं. असल्या पुस्तकाला कोण हात लावणार, देव जाणे.

१८ फेब्रुवारी
चहाच्या वेळी दाजींनी विषय काढला. म्हणे टॉर्च लावून पाहिलं, बदकाच्या अंड्यांत शिरा दिसतात, कोंबडीच्या अंड्यांत नुसता उजेड. मी विचारलं, तुम्हाला टॉर्च लावायला कोणी सांगितलं? आणि उजेड दिसला तर वाईट काय? त्यांनी बशीत चहा ओतला. ताई चहात हसली. त्यांनाच हसली असणार.

२६ फेब्रुवारी, दुपार
एकवीस दिवस पूर्ण. वीस अंडी, शून्य पिल्लं. कान लावला. काही नाही. खोक्यावर टिचकी मारली. काही नाही. थोडा दम दिला. काही नाही.

संगत भोवली. बदक मुळात गार पाण्यातला प्राणी. एका खोक्यात ठेवल्यावर कोंबडीच्या अंड्यांनाही गारठा लागला. बदकाची अंडी ताईने आणली होती, हे इथे नोंदवून ठेवतो.

२६ फेब्रुवारी, संध्याकाळ
दाजी दुकानातून यायच्या आत सगळी अंडी बादलीत घालून मागे कचऱ्यापाशी ठेवली. त्यांतलं सगळ्यात गुळगुळीत, किराणा दुकानातलं एक, जॅकेटच्या आतल्या खिशात. अंगाची ऊब ती ऊब. थर्मामीटरही जॅकेटमध्येच, बाहेरच्या खिशात.

ताईला म्हटलं, या घरात कोणी साथ देत नाही. तिने एवढंच विचारलं, "पाचवं पान वाचलं होतंस का?" बायकांना भलत्या वेळी भलतं सुचतं.

२७ फेब्रुवारी
दाजी बॅगबद्दल अवाक्षर बोलले नाहीत. डाव शिजतोय. बादलीत फक्त अकरा अंडी उरलीत. आठ मोठी गायब. मांजर. लबाड मांजर, नेमकी मोठी निवडून नेली. खोकंही नेलं.

२ मार्च
दाजी जेवायला घरी येत नाहीत. ताई डबा पोचवते. सहज दुकानावरून गेलो. शटर अर्धं खाली, आतून दाजी कोणाशी तरी बोलत होते. हळू. लाडात. माझ्याशी आयुष्यात असं बोलले नाहीत. "ये की राणी, किती वाट बघायला लावतेस."

तसाच घरी येऊन ताईला धीर देऊन सगळं सांगितलं. बिचारी पोट धरून हसली. धक्का बसला की माणसाचं असंच होतं.

५ मार्च
दाजी दुकानातून चालत घरी आले. सावकाश, वरात निघाल्यासारखे. मागे सात पिवळी बदकाची पिल्लं, एका ओळीत. आठवं अंडं उघडलं नाही म्हणे, आणि त्याचं वाईट वाटून जेवले नाहीत. मी नापास झालो त्या दिवशी हाच माणूस दोनदा जेवला होता.

ताईने पुस्तकाचं पाचवं पान उघडून नाकासमोर धरलं. बदकाला अठ्ठावीस दिवस लागतात. हे पहिल्या पानावर घालायला काय झालं होतं लेखकाला?

असो. मी शांतपणे करार वाचून दाखवला: पिल्लं निघाली, खोली माझी. खोकं माझं, बल्ब माझा, कल्पना माझी. दाजी चपलेवर बसलेल्या पिल्लाला उठवत नव्हते, म्हणून जागचे हललेच नाहीत. बोलली ताई. "खोली पिल्लांना लागेल. ऊब आहे, मागे दार आहे. तू आता तुझं बघ."

माझी सख्खी बहीण.

दिवसभर पिल्लांसमोर बसून बदकाचा आवाज काढला. रक्ताचं नाही तरी बल्बचं नातं आहे. एकाने बघितलं. मग जाऊन दाजींच्या पायजम्यात शिरलं.

६ मार्च, सकाळ
स्वाभिमानाने निघालो. मागे वळून पाहायचं नाही असं ठरवलं होतं. गेटपाशी पोचलो आणि मागून पावलं ऐकू आली. टिपटिप, टिपटिप. सातही. शेवटी कळलं त्यांना. डोळे भरून आले. वळलो.

पुढे दाजी होते. गेट लावायला आले होते. हात पुढे केला. मीही केला.

"थर्मामीटर," दाजी म्हणाले.

६ मार्च, बस
खिडकीची सीट, पण तिघांत चेपलोय. हरकत नाही. खिशातलं अंडं आत्ता हललं. शपथ. खड्डा नव्हता. बाजूच्या काकांना सांगितलं की पिल्लू येतंय, जरा सरका. त्यांचं कोपर लागलं.

फुटलं.

पिल्लू नव्हतं. काका उठले. त्यांच्या पलीकडचा उठला. पुढची सीट रिकामी झाली, मग मागची. कंडक्टर लांबूनच तिकीट विचारतोय.

पाय पसरून बसलोय. आपल्याला कोणी जागा देत नाही, असं आता कोणी म्हणू नये.