केळफूल आणि वाघूळ

सौ. शालन हिला जम्मूहून तिच्या कारभाऱ्याचा आशीर्वाद.

मी खुशाल हाय. थंडी लय हाय, पण सोसतीया. आबांचा खोकला थांबला का?

केळीचे घड वाघळं नेत्यात, असं बाग राखणारा आपला आकाराम सांगतोय व्हय? अगं, वाघूळ आन् केळफूल दोन्ही उलटी लोंबत्यात, दोन्ही रातीची जागत्यात. एक मध देतं, दुसरं पितं. पिकलं केळ असंल तर वाघूळ कुरतडंलबी. पण हिरव्या घडाचा दांडा सपकन कापलाय, असं तूच लिवलंयस. वाघळाच्या हातात कोयता कुणी दिला?

आकारामला काई बोलू नगंस, नेमानं चहा दे. मी कवा येतोय विचारलं, तर रजा मिळाली न्हाई म्हण.

पुनवेला मी परभारं बागंतच उतरतोय.

तुझा,
कृष्णात