न पुजलेली बंदूक

बा, तुझ्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही, हे आधीच सांगून टाकते. म्हातारपणी सगळं विसरायला होतं म्हणतात. मला सकाळी काय जेवले ते आठवत नाही, पण तू ती बंदूक कशी निवडलीस ते सगळं आठवतं, अगदी तुझ्या बोटांना लागलेल्या तेलासकट. तुला जाऊन एवढी वर्षं झाली, आता माझेही दात गेले, तरी मनातल्या मनात तुझ्याशी भांडण चालूच आहे. दुसरं भांडायला उरलंय कोण?

पोळा नुकताच झाला होता. मायच्या खोकल्यात रक्त पडायला लागलं म्हणून तू मला सासरहून आणलंस. अनसिंगचे वैद्यबुवा आले, तिची नाडी पाहिली आणि म्हणाले, "अंगात ताकतच राह्यली नाई बाईच्या. तितराचा रस्सा द्या, लाव्याचा द्या, ससा भेटला तर ससा. कोंबडी नोका देऊ, उष्ण पडते." तितरं धरून विकणारे पारधी पावसाच्या आधीच पालं उठवून गेले होते. पाटलाकडे बारुदाची बंदूक होती, पण ती लायसनची, दुसऱ्याच्या हाती द्यायची सोय नाही. मग कोणीतरी सांगितलं की हवेची बंदूक मिळते, तिला लायसन लागत नाही. नळी मोडायची, शिशाचा छर्रा घालायचा, नळी परत बसवायची आणि झाडायची. तू ते ऐकलंस आणि खुंटीवरचा सदरा काढलास. जन्मात कधी पाखरू न मारलेला माणूस तू, बंदूक घ्यायला निघालास.

वाशिमच्या बाजारात एका दुकानात एकच होती. हलकी, आपल्या ऐपतीतली. तू दुकानामागे जाऊन रिकाम्या डब्यावर ती झाडून पाहिलीस आणि डब्याला नुसता पोचा आला. घरी आलास तो हात हलवत. माय खाटेवरून म्हणाली, "काहून, भेटली नाई?" तू म्हणालास, "भेटली. पन तिच्यानं तितर मरत नाई, लंगडं होते. लंगडं पाखरू काट्याकुट्यात तडफडून मरते. त्याचा तळतळाट कायले घेऊ मी तुह्या नावानं?" खरं सांगू? तेव्हा मला तुझा अभिमान वाटला होता. असा बाप कोणाला आहे, म्हटलं.

अकोल्याला जायचं ठरलं, पण निंदण अर्धं पडलं होतं, मजूर मिळत नव्हते. घरोघर महालक्ष्म्या बसल्या, उठल्या, आणि मग आपण आगगाडीत बसलो. मायच्या औषधाची बाटली आणायची होती म्हणून मीही सोबत होते. ते दुकान मला अजून दिसतं. मी पायरीवर पदर घेऊन बसलेय आणि तू आत बंदुका पाहतोयस, बैल पाहावा तशा. एक विलायती, चकचकीत, तिला तू हातसुद्धा लावला नाहीस. दुसरीची नळी तू डोळ्याला लावून उजेडाकडे धरलीस आणि आत गंज आहे म्हणून बाजूला ठेवलीस. तिसरी जर्मन, वापरलेली, कुणा साहेबानं जाताना विकलेली. तिची नळी तू मोडलीस, परत बसवलीस, पुन्हा मोडलीस, आतल्या स्प्रिंगचा आवाज कान देऊन ऐकलास. चामड्याचा वायसर सुकला होता, तर तेल मागून घेतलंस आणि बोटानं चोळत राहिलास. दुकानदार वैतागून म्हणाला, "पटेल, बंदूक ले रहे हो या दामाद देख रहे हो?" मला पदराआड हसू आलं. मग परसात जाऊन तू फळीवर झाडलीस. छर्रा फळीत रुतला, पार दिसेनासा झाला. तू वळून माझ्याकडे पाहिलंस. "हे घेऊ, पोरी. याच्यानं पाखराले समजनार बी नाई." एवढं खूश मी तुला ना आधी पाहिलं, ना नंतर.

आपण घरी आलो आणि पितृपक्ष लागला.

बा, मला ठाऊक होतं रे. नांगराचा फाळ असो, विळा असो, कुऱ्हाड असो, आपल्याकडे नवं हत्यार पुजल्याशिवाय चालवत नाहीत. पितरांच्या दिवसांत पूजा नाही. पितर गेले की घरात घट बसतात, तेव्हा चुलीवर मांस चढत नाही. मग खंडेनवमी, त्या दिवशी हत्यारांची पूजा, आणि दसऱ्यापासून वापर. हे सगळं मला पाठ होतं. पण मायच्या हाताची हाडं मला रोज तिला उठवताना लागत होती. आणि तितरं तर घरामागच्या ज्वारीतच होती, सकाळ झाली की ओरडायची. माय हसायची. "आयक ओ, माहा रस्सा बोलून राह्यला," म्हणायची, आणि हसता हसता खोकल्याची उबळ यायची. मी रक्ताचं फडकं घेऊन तुझ्यापुढे उभी राहिले. म्हटलं, "देवी काय डोळे काढते का? आजच मार एक. पाप लागलं तर मले लागू दे." तू बंदुकीला तेल देत होतास. मान वर न करता म्हणालास, "नव्या हत्यारानं पुजल्याबिगर रक्त पेलं तर ते घरातलं रक्त मांगते. आन् घरात कोनाचं रक्त पडून राह्यलं, तुले दिसत नाई?"

मी ते फडकं धुवायला घेऊन गेले. तू देवीला भीत नव्हतास, बा, तू मायसाठी भीत होतास. म्हणूनच मला तुझा इतका राग येतो. दुष्ट असतास, आळशी असतास, तर मी तुला शिव्या घालून मोकळी झाले असते. वाशिमची ती फुसकी बंदूक तेव्हाच घेतली असतीस, तर महालक्ष्म्यांच्या दिवसांत तिची पूजा झाली असती आणि एखादं लंगडं पाखरू तरी मायच्या वाटीत पडलं असतं. तू चांगली निवडायला गेलास.

माय अष्टमीला गेली, दिवस वर आल्यावर. शेवटी तिनं पाणी मागितलं, रस्सा नाही. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. गल्लीत लोक विळे-कुऱ्हाडी धुऊन ओट्यावर मांडत होते, हळदीकुंकू लावत होते, आणि आपल्याला सुतक. सुतकात कसली पूजा? बंदूक भिंतीवर होती तशीच राहिली. तू तिच्याखाली भिंतीला टेकून बसला होतास, आणि मी तुझ्यापुढे ठेवलेला चहा थंड होऊन गेला. मला तुझ्याजवळ बसावंसं वाटत होतं आणि तुला गदागदा हलवावंसंही वाटत होतं. दोन्ही केलं नाही. पुढच्या वर्षी खंडेनवमीला मी माहेरी होते. तू फाळ मांडलास, वखराची पास मांडलीस, विळे मांडले. बंदुकीला कुंकू लावलं नाहीस. मी विचारलं तर म्हणालास, "तिले कायले? तिनं काई केलंच नाई."

परवा दवाखान्यात गेले होते. डॉक्टर तरुण आहे, माझं बोलणं निवांत ऐकून घेतो. त्याला सगळं सांगितलं. वाटलं, हा तरी माझी बाजू घेईल. तो म्हणाला, "आजी, तुमच्या आईला क्षय होता. तेव्हा त्यावर औषधच नव्हतं. रोज तितर खाल्लं असतं तरी त्या वाचल्या नसत्या. वडिलांना दोष देऊ नका." मला बरं वाटावं म्हणून बोलला बिचारा. मी घरी आले आणि भाकरी न खाता पडून राहिले. म्हणजे तुझी ती निवड, ते तेल, तो वायसर, माझं ते भांडण, मायचं ते हसणं, कशाकशाचाच काही उपयोग नव्हता? पहिल्या दिवशी पाखरू आणलं असतं तरी ती जाणारच होती? बा, हे मला झेपत नाही. त्यापेक्षा तू चुकलास हेच बरं. तू चुकलास म्हणजे ती वाचू शकत होती.

म्हणून मी डॉक्टरचं ऐकणार नाही आणि तुला माफही करणार नाही. तुला अक्षर येत नव्हतं; मी माहेरी असले की आलेली पत्रं मीच तुला वाचून दाखवायची. तू असतास तर आज लिहिलेलं हे पत्रही मलाच तुला वाचून दाखवावं लागलं असतं. तू समोर बसून कान दिले असतेस आणि मी कागदावर नजर ठेवून म्हटलं असतं, इकडे सगळे खुशाल आहेत, बा, जिवाला जपून राहा. एवढंच लिहिलंय.