सहा दहा ते सहा पस्तीस

१९ मे, सोमवार
आजपासून रोज चालणे. डॉक्टर म्हणाले पाच किलोमीटर, साखर उतरेल. मी म्हटलं, एकही दिवस खाडा होणार नाही. एकतीस वर्षं एसटीत वाहतूक नियंत्रक होतो. अर्ध्या जिल्ह्याच्या गाड्या वेळेवर सोडल्या, दोन पायांचं काय घेऊन बसलात? डॉक्टरांनी मान डोलावली. प्रभावित झाले असावेत.

२० मे, सकाळी ७
मिरजोळ्याच्या बाजूच्या टपरीपर्यंत जाऊन आलो. रुळांवरच्या पुलावरून गेलं तर फार लांब पडतं, शिवाय ट्रक. आपल्या वाडीमागून रूळ ओलांडले की पाच मिनिटांत टपरी. पायवाट मळलेली आहे, म्हणजे रस्ताच तो. अंतर जरा कमी भरलं, पण वेग चांगला होता.

२२ मे
आजपासून रावजी बरोबर. प्राथमिक शाळेपासूनचा मित्र. चाळीस वर्षं मुंबईत लिफ्टमन होता, आता कायमचा गावी. रुळांपाशी येऊन थबकला. डाव्या कानाने ऐकू येत नाही, गुडघा धरतो, आणि लिफ्ट चालवलेल्या माणसाला वर-खाली एवढंच कळतं, डावं-उजवं नाही. त्याला समजावलं, सकाळी सहा दहा ते सहा पस्तीस लाइन मोकळी असते. मला सगळ्या गाड्या पाठ आहेत. हात धरून पलीकडे नेला. लहान पोरासारखा घट्ट धरतो.

२७ मे
विठू ट्रॅकमनने अडवलं. म्हणाला, काका, इथे डोंगर कापलेल्या कटिंगचं वळण आहे, गाडी दिसली की तुमच्याकडे आठ-दहा सेकंद. ड्रायव्हरने ब्रेक मारला तरी अर्धा किलोमीटर जाते. आता विजेची इंजिनं, पूर्वीसारखा लांबून आवाज येत नाही. शिवाय मालगाड्यांना तुमच्या पाठांतराशी घेणंदेणं नाही.
मी त्याला माझी नोकरी सांगितली. तो म्हणाला, एसटी बाजूला घेता येते.
उद्धट वाटला. पण काम चोख करतो.

२ जून
रावजीच्या मैनावहिनी घरी आल्या. म्हणाल्या, भावोजी, यांना त्या रुळांवरून नेऊ नका. तुमच्यावर यांचा फार विश्वास. मी शब्द दिला. बकुळा साक्षीला होती, माझ्याकडे बघत होती. लग्नाला अडतीस वर्षं झाली तरी तिचं हे बघणं गेलं नाही.
निश्चय: उद्यापासून पूल.

३ जून
रूळ. उठायला उशीर झाला होता. निश्चय सोमवारपासून. सुरुवात सोमवारी केलेली बरी.

९ जून, सोमवार
भुरभुर होती. पुलावरून गेलो असतो तर भिजलो असतो, आणि रावजीला दमा आहे. मी त्याचाच विचार करतो. त्याने आज विचारलं, महिपता, तू नसलास तर मी कसा येणार? म्हटलं, मी नसेन असा दिवस उजाडायचा नाही.

१४ जून
बकुळाने पेपरातलं वाचून दाखवलं, उद्यापासून रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक. मी म्हटलं, पावसात लांबच्या गाड्या बदलतात, आपल्या सकाळच्यांना कोण हात लावतो? तिने पेपर माझ्यासमोर ठेवला. चष्मा सापडला नाही.

१७ जून, मंगळवार, सकाळी ६:२०
धो धो पाऊस. पडून आहे. तिसावा दिवस, एकही खाडा नाही, म्हणून रावजीसमोर 'आज नको' म्हणणं जिवावर आलं. त्याने अंगणाच्या फाटकाशी, बेड्यापाशी हाक मारली. मी बकुळाला खूण केली, सांग, पुढे गेलेत. तिला खोटं बोलायला आवडत नाही. बोलली. तो लगबगीने गेला. टपरीवर मी दिसलो नाही की येईल परत. उद्या सांगेन, पोटात दुखलं म्हणून वाटेतून फिरलो. मनातून निघालोच होतो, तेव्हा आजचा दिवस धरायला हरकत नाही.

दुपारी १२
रावजी गेला.

१८ जून
काल संध्याकाळी उरकलं. रितेश, त्याचा मुलगा, हातखंब्याहून गॅरेज बंद करून आला तो अजून ओल्या कपड्यांतच होता. काही बघू दिलं नाही. चादर होती.
पोलिसांनी विचारलं, रोज बरोबर कोण असायचं? मी म्हटलं, मी. काल? म्हटलं, काल प्रकृती बरी नव्हती. त्यांनी लिहून घेतलं.

२० जून
मालगाडीच असणार. मालगाडीला कोण काय करणार? शिवाय पाऊस, शिवाय त्याचा कान. छत्री डाव्या अंगाला धरायची सवय होती त्याला, मी कितीदा सांगितलं होतं. आणि मी गेलो असतो तर दोघं गेलो असतो. हे कोणी लक्षात घेत नाही. म्हणजे कोणी काही बोलत नाही. मीच म्हणतोय.
बकुळा दोन दिवस जेवलेली नाही.

२३ जून
मालगाडी नव्हती. रोजची सहा पन्नासची गाडी. पावसाळी वेळापत्रकात सहा पंचवीस.

२५ जून
विठू भेटला. मी टाळत होतो, तोच आला. तो त्या सकाळी कटिंगच्या वरच्या अंगाला पाणी बघत उभा होता. म्हणाला, काका, तुम्हाला सांगावं की नाही कळत नव्हतं. रावजी आधी अलीकडे बराच वेळ उभा होता. मग उतरला आणि रुळांत मधोमध थांबून टपरीकडे तोंड करून हाका मारायला लागला, महिपता, थांब रे, मी आलो. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. विठू वरून ओरडत होता. पावसात कोणाचंच कोणाला ऐकू गेलं नाही. ड्रायव्हर तरणा होता, गाडी थांबल्यावर उतरून खडीवर बसला, त्याला उठवायला दोन माणसं लागली.
विठूने विचारलं, तुम्ही खरंच पुढे गेला होतात का? टपरीवाला नाही म्हणतो.
मी म्हटलं, मला बस पकडायची आहे. बस नव्हती.

२६ जून
बकुळा आज बोलली. म्हणाली, "शब्द माझ्या तोंडून गेला. रावजीभावोजी माझ्यावर विसंबून गेले."
मी म्हटलं, तुझा काय संबंध? ती म्हणाली, मग कोणाचा?
मैनावहिनींना सगळं सांगायचं. तेराव्यानंतर. घरात माणसं असताना बरं दिसत नाही.

३० जून
उद्या नक्की. काय बोलायचं ते लिहून काढलं. दीड पान झालं. त्यात पाऊस आणि वेळापत्रक फार येतंय. फाडलं.

१ जुलै, मंगळवार
गेलो. पुलावरून. पंचेचाळीस मिनिटं लागली, मध्ये दोनदा थांबलो. टपरीच्या वरच्या आळीतलं रावजीच्या बहिणीचं घर, तिथे मैनावहिनींना नेलं आहे. पडवीत सुकत घातलेले कपडे घडी करत होत्या. त्यात त्याचे दोन सदरे.
मी सांगितलं. पडून होतो, खूण मीच केली, बकुळा तयार नव्हती. पाऊस आणि वेळापत्रक सांगितलं नाही.
त्यांनी हातातला सदरा पुरा घडी केला. म्हणाल्या, "रुळावरनं एकटे नाय जायचे ते कधी. मी निर्धास्त होते. मला कोणी धड काय सांगितलं नाय. वाटलं, तुम्ही हात धरलात आणि सुटला."
मग म्हणाल्या, "म्हणजे हातच नव्हता."
आणि आत गेल्या. मी तासभर बसलो. कोणी बाहेर आलं नाही. रितेशने दारातून बघितलं आणि दार लोटून घेतलं.
घरी आलो तर बकुळा ओट्यापाशी उभी, काही हातात नव्हतं. मैना काय म्हणाली, विचारलं.
मी म्हटलं, म्हणाली, बकुळाताईंचा यात काही दोष नाही.
बकुळा खाली बसली आणि पंधरा दिवसांत पहिल्यांदा रडली. मग भात जेवली थोडा.
मैनावहिनी असं काही म्हणालेल्या नाहीत.